कळपाची नोंद
हत्तींच्या कृष्णधवल छायाचित्रणाविषयी

हत्ती हा मराठी माणसाला जितका परिचित आहे तितकाच हत्तींचा कळप त्याला अपरिचित आहे, आणि पुढील पानांतील छायाचित्रांकडे वळण्यापूर्वी ही विसंगती वाचकांच्या नजरेस आणून देणे हे मी प्रस्तावनाकार या नात्याने माझे पहिले कर्तव्य समजतो. भाद्रपदात आपण घरोघर ज्याची प्राणप्रतिष्ठा करतो त्या देवतेचे मस्तक हत्तीचे. लक्ष्मीच्या दोन्ही बाजूंस कलश उचलून जे उभे असतात ते हत्ती. किल्ल्यांच्या दरवाज्यांवर शरभाच्या पंजाखाली जो सापडलेला दिसतो तोही हत्तीच. आणि मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांत पीलखान्याची गणना होती हे तर शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु या सर्व ठिकाणी हत्ती एकटादुकटा आहे, बहुधा सुळे असलेला नर आहे, आणि देवाच्या, राजाच्या अथवा सरदाराच्या चाकरीत रुजू झालेला आहे. त्याला आई असते, आजी असते, पाठची भावंडे असतात, आणि या गोतावळ्याची एक वहिवाट असते, याचा मागमूस आपल्या शिल्पांत व म्हणींत फारसा लागत नाही. मी ज्या मोलगीत बसून हे लिहीत आहे त्या सातपुड्यातील गावी तर पोराटोरांनी हत्ती पाहिला असलाच, तर तो एखाद्या गोसाव्यासंगे भिक्षेसाठी दारोदार फिरणारा, पाठीवर रंगीत झूल आणि कपाळावर खडूची नक्षी मिरवणारा. त्या नक्षीखालचे कातडे कसे असते, हेदेखील नीट पाहावयास सापडत नाही.

हत्तींचा कळप ही मुळात बायकांची संस्था आहे. वयोवृद्ध हत्तीण तिची कारभारीण. तिच्या लेकी, बहिणी, भाच्या, नाती आणि या सर्वांची लहानमोठी पिल्ले हे तिचे कुटुंब. नर वयात येऊ लागला, म्हणजे साधारण दहा ते पंधरा वर्षांचा झाला, की तो हळूहळू कळपापासून दुरावतो आणि पुढील आयुष्य एकट्याने अथवा इतर नरांच्या सैल संगतीत काढतो. कळपाकडे त्याचे येणे होते ते बहुधा माद्यांच्या ओढीने, आणि तेही तेवढ्यापुरतेच. आशियाई हत्तिणीला बाहेर दिसणारे मोठे सुळे नसतात, शिवाय नरांतही काही बिनसुळ्याचे असतात व त्यांना मखना म्हणतात. त्यामुळे आपल्या देशातील कळपाचे खरेखुरे छायाचित्र हे पुष्कळदा सुळ्यांवाचूनचे छायाचित्र असते. भिंतीवरच्या कॅलेंडरास शोभेलसा दंतैल ज्याला हवा आहे तो छायाचित्रकार कळपास ओलांडून पुढे जातो, आणि पाहणाराही सुळे दिसले नाहीत की पान उलटतो. हत्तिणीचा गर्भकाळ अठरा ते बावीस महिन्यांचा. जन्मलेले पिल्लू शंभर किलोंच्या आसपास भरते, पण नाकासमोर लोंबणाऱ्या सोंडेचे काय करावे हे त्यास कित्येक महिने उमगत नाही. एवढ्या दीर्घ काळाची राखण एकट्या आईच्याने निभत नसल्यामुळे कळपातील इतर माद्या ती वाटून घेतात. चालताना पिल्लू कोणाच्या पोटाखाली आहे, थांबल्यावर कोणाचे तोंड कोणीकडे आहे, पाण्यात प्रथम कोण उतरली आणि काठावर मागे कोण राहिली, या प्रत्येक गोष्टीला कळपात अर्थ असतो. आणि तो सर्व अर्थ आकारांच्या परस्परसंबंधात साठलेला असल्याने तो वाचण्यासाठी रंगांची गरज पडत नाही.

येथेच कृष्णधवल छायाचित्रणाचे प्रयोजन सुरू होते. मोर, खंड्या अथवा वाघ यांचे रंग हिरावून घेतले तर त्यांच्या रूपाचा मोठा अंश आपण गमावतो. हत्तीच्या बाबतीत मात्र निसर्गानेच रंगाचा हिशेब आधीच जवळजवळ शून्यावर आणून ठेवलेला आहे. रंगीत छायाचित्रात हत्तीभोवतीची हिरवळ, तांबडी माती, निळे आकाश ही सारी मंडळी डोळ्यास आपापल्या दिशेने ओढत असतात आणि मधला करडा प्राणी केवळ जागा अडवून उभा राहतो; ती मंडळी गप्प झाली की कातडीवरील सुरकुत्यांची जाळी, गंडस्थळाचे दोन उंचवटे, कानाच्या फाटलेल्या कडा, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत उतरत गेलेला भार आणि दोन शरीरांमधील अंतर ही बोलू लागतात. महाराष्ट्राला ही दृष्टी परकी असण्याचे कारण नाही, कारण पितळखोऱ्याच्या लेण्यातील हत्तींची रांग आणि वेरूळच्या कैलासाचा भार पाठीवर तोललेले हत्ती आपण शतकानुशतके काळ्या कातळातच पाहत आलो आहोत. त्यांच्यावर कधीकाळी गिलावा व रंग चढला असेल, पण आज जो पाहणारा त्यांच्यापुढे खिळून राहतो त्याला खिळवतो तो घाट आणि सावली. हत्तीच्या नेत्रपटलात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, म्हणजे आपल्याला दिसते तशी तांबड्याहिरव्याची फोड त्यालाही होत नाही, हे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले आहे. तेव्हा रंगांचा सोस हा सर्वस्वी पाहणाऱ्याच्या बाजूचा आहे.

तथापि रंग वगळले की काम सोपे होते असा कोणाचा समज असेल तर तो दूर केला पाहिजे. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक असे गृहीत धरून चालतो की समोरील दृश्यातून सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास प्रकाश परावर्तित होतो, म्हणजेच सारे जग मध्यम करड्या छटेचे आहे. आणि कोरडा, न माखलेला हत्ती या गृहीतकाच्या पुष्कळच जवळ असल्याने नवशिक्यास वाटते की मीटर सांगतो तेच प्रमाण. पण हत्ती कोरडा आणि न माखलेला असा राहतो किती वेळ? पाण्यातून निघाला की तो जवळजवळ काळा होतो, आणि काठावर येताच सोंडेने धूळ उडवून घेतली की क्षणार्धात फिका, राखेसारखा दिसू लागतो. मीटरवर विसंबले तर ओल्या हत्तीचा काळेपणा उजळून धुरकट होतो आणि धुळीने माखलेल्याचा फिकेपणा मळकट होतो. म्हणून जाणता छायाचित्रकार पहिल्यासाठी एक्सपोजर थोडे कमी करतो व दुसऱ्यासाठी थोडे वाढवतो. कळपाच्या बाबतीत अडचण अशी की न्हाऊन निघालेल्या, धूळ घेतलेल्या आणि अद्याप पाण्यापर्यंत न पोचलेल्या अशा तिन्ही अवस्थांतील हत्तिणी एकाच चौकटीत उभ्या असतात, आणि मग कोणत्या छटेला मान द्यावयाचा हा निर्णय यंत्रावर सोपवता येत नाही. त्यातच तांबडी माती आणि हिरवे पान या डोळ्यास सर्वस्वी भिन्न वाटणाऱ्या वस्तू कृष्णधवल चित्रात एकाच करड्या छटेच्या होऊन बसतात, व त्यांच्यापुढे उभा असलेला एवढा प्रचंड प्राणी चित्रातून हरवून जातो. या छटांची फोड करण्यासाठी पिवळे, हिरवे अथवा नारिंगी फिल्टर वापरावे लागतात, आणि पुढे डार्करूममध्ये प्रिंट काढताना एखादी बाजू झाकून उजळ ठेवणे, एखादीस अधिक प्रकाश देऊन गडद करणे, हे हातकसब लागते. आज हे काम संगणकाच्या पडद्यावर होत असले तरी विवेक तोच लागतो. येथे एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. आपल्या देशात कृष्णधवल फिल्म बनवण्याचा सरकारी कारखाना, हिंदुस्थान फोटो फिल्म्स, १९६० साली निलगिरीतील उटकमंड येथे स्थापन झाला आणि ‘इंदू’ या नावाने त्याची फिल्म गावोगावच्या फोटो स्टुडिओंत पोचली. ज्या डोंगराच्या पायथ्याशी मुदुमलईचे कळप हिंडतात त्याच डोंगराच्या माथ्यावर त्यांच्या छाया टिपणारी चांदी जिलेटिनात मिसळली जात होती.

हत्तींचा कळप छायाचित्रात येण्याचा इतिहास हा पाहणाऱ्याच्या हेतूचा इतिहास आहे. म्हैसूर संस्थानात जी. पी. सँडरसन या इंग्रज अधिकाऱ्याने १८७४ साली रानहत्तींचा कळप हाकून खेद्द्यात, म्हणजे लाकडी कुडात, कोंडण्याचा प्रयोग यशस्वी केला आणि पुढे काकनकोटे येथील खेद्दा ही व्हाइसरॉय व राजेरजवाड्यांना दाखवण्याची एक बहारदार वस्तू होऊन बसली. १९७१ साली तेथे अखेरचा खेद्दा झाला. त्या काळच्या छायाचित्रांत कळप भरपूर दिसतो, पण तो नदीत रेटला जाणारा, लाकडी कुडाच्या आत एकमेकांवर दाटलेला, भेदरलेला कळप आहे. आणि जेथे कळप नाही तेथे मेलेल्या हत्तीच्या मस्तकावर पाय रोवून उभा राहिलेला शिकारी आहे. या दोन्ही प्रकारांस निराळे वळण लावणाऱ्यांत संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन यांचे नाव अग्रभागी येते. १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वाघांवरील पुस्तकाने बंदुकीच्या जागी कॅमेरा ठेवला आणि त्यांनी वाटेवर बांधलेल्या तारेस प्राण्याचा पाय लागताच रात्री प्रकाश होऊन चित्र उमटेल अशी योजना केली. पण तारेस पाय लागतो तो एकट्यादुकट्या प्राण्याचा. कळपासाठी तास न् तास थांबून राहणारा माणूस हवा होता.

तो माणूस मद्रासेत होता. माधवय्या कृष्णन यांचा जन्म १९१२ चा आणि मृत्यू १९९६ चा. तमिळ साहित्यिक ए. माधवय्या हे त्यांचे वडील. कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ पत्रात १९५० पासून अखेरपर्यंत, म्हणजे शेहेचाळीस वर्षे, त्यांनी निसर्गावर स्तंभ लिहिला, आणि त्यांना पद्मश्रीही मिळाली. रंगीत फिल्म सर्वत्र झाल्यावरही ते कृष्णधवलाशीच एकनिष्ठ राहिले. निरनिराळ्या भागांची जुळवाजुळव करून स्वतःच सिद्ध केलेल्या आपल्या अवजड कॅमेऱ्याचे त्यांनी थट्टेने ‘सुपर पॉन्डेरोसा’ असे नामकरण केले होते. माणसाळलेल्या हत्तीच्या पाठीवर बसून रानहत्तींच्या कळपाजवळ जावयाचे, आणि घाई न करता पाहावयाचे, ही त्यांची रीत. त्यांच्या चित्रांत नाट्यमय आकाश नसते, सूर्यास्त नसतो. असते ती एखाद्या हत्तिणीच्या पायाची ठेवण, पिल्लाच्या सोंडेचा कुतूहलाने वळलेला शेंडा, गवत उपटताना पुढे सरकलेला पाय. चित्रकाराचा हात आणि प्राणिशास्त्रज्ञाची शिस्त या दोहोंचा असा संयोग विरळा होता.

कृष्णन यांच्या चरित्रातील एक धागा मराठी वाचकास विशेष जवळचा वाटेल. १९४० नंतरच्या दशकात ते कर्नाटकातील संडूर संस्थानात नोकरीस होते आणि शिक्षकापासून न्यायाधीशापर्यंत नाना प्रकारची कामे त्यांनी तेथे केली. हे संडूर म्हणजे गुत्तीच्या मुराररावांमुळे इतिहासात गाजलेल्या घोरपडे घराण्याचे छोटेसे मराठा संस्थान. १९४९ साली ते विलीन झाले. या घराण्यातील मुरारराव यशवंतराव घोरपडे यांचा जन्म १९३१ चा, म्हणजे कृष्णन संडुरात असताना ते शाळकरी वयाचे होते. पुढे ते कर्नाटकाचे अर्थमंत्री झाले, ग्रामविकास व पंचायत राज्याचे खातेही त्यांनी सांभाळले, पण रानातल्या मंडळींत त्यांची ओळख होती ती कृष्णधवल वन्यजीव छायाचित्रकार म्हणून. १९८३ साली त्यांचा ‘सनलाइट अँड शॅडोज’ हा ग्रंथ निघाला. ऊन आणि सावली, एवढ्या दोनच गोष्टी नावात घेऊन निघालेल्या या ग्रंथाचा कर्ता अंदाजपत्रके मांडणारा माणूस होता, हे मला अर्थपूर्ण वाटते. कारण कळपाचे चांगले छायाचित्र आणि चांगला जमाखर्च या दोहोंत कोणतीही बाब लपवून चालत नाही. मराठी सरदार घराण्यातील पुरुष हत्तीच्या अंबारीतून उतरून कळपापुढे कॅमेरा घेऊन उभा राहिला, ही घटना आपल्या सांस्कृतिक इतिहासात नोंदवण्याजोगी आहे, आणि महाराष्ट्रात तिची जेवढी दखल घेतली जावयास हवी होती तेवढी घेतली गेली नाही.

परदेशांतील कामाचा परामर्श येथे थोडक्यात घेतो. पीटर बियर्ड यांनी १९६५ च्या आपल्या ग्रंथाच्या नंतरच्या आवृत्तीत केनियातील त्सावोच्या उपाशी मेलेल्या हत्तींची जी चित्रे दिली ती पाहून मन विषण्ण होते. सिंथिया मॉस यांनी १९७२ पासून अंबोसेलीत कानांच्या कडा, छिद्रे व शिरा यांच्या छायाचित्रांवरून एकेक हत्तीण ओळखून कुटुंबवार नोंदी ठेवल्या, आणि कळप हा खरोखरच कुटुंब असतो हे जगापुढे तपशिलाने मांडले. त्याच अंबोसेलीत निक ब्रँट यांनी दुरून खेचणारी लांब लेन्स न वापरता, जवळ जाऊन, एखाद्या घरंदाज व्यक्तीचे चित्र काढावे तसे हत्तींचे चित्रण केले. त्यांचा पहिला ग्रंथ २००५ चा, आणि २०१० साली त्यांनी हत्तींच्या राखणीसाठी संस्थाच उभारली. हाडे दाखवणारा, वंशावळ मांडणारा आणि थोरवी रेखाटणारा, असे हे तीन मार्ग. माझ्या मते यांतील दुसरा मार्ग पायाभूत होय. ओळख पटल्यावाचून थोरवीही पोकळ राहते आणि शोकही उसना ठरतो.

आता या संग्रहातील एका छायाचित्रापाशी वाचकांनी माझ्याबरोबर थोडा वेळ थांबावे. स्थळ कबिनीच्या जलाशयाचा काठ. वैशाखात पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या गाळावर कोवळे गवत फुटते आणि नागरहोळे व बंदीपूरच्या रानांतून कळप तेथे उतरतात. ज्या पाण्याने काकनकोटेच्या खेद्द्याची जागा गिळली तेच हे पाणी. चित्रात सात आकार दिसतात, पण पाय मोजले तर कळते की हत्ती आठ आहेत. आठवे पिल्लू दोन माद्यांच्या मधल्या सावलीत आहे आणि त्याच्या सोंडेचा शेंडा तेवढा उजेडात आलेला आहे. डावीकडील तिघींच्या पोटावर ओलीची सरळ रेघ आहे. तिच्याखाली कातडे काळे, वर फिके, म्हणजे पाणी कोठवर लागले हे मोजपट्टीवाचून कळते. सर्वांत थोराड हत्तिणीच्या कानाची वरची कड पुढे दुमडलेली आहे, जे वयाचे लक्षण होय, आणि तिच्या सोंडेच्या बुडाशी पांढुरके ठिपके आहेत. रंगीत चित्रात ते गुलाबी दिसले असते आणि एखाद्यास रोगही वाटले असते. ती पाण्याकडे पाहत नाही. तिने सोंड उचलून छायाचित्रकाराच्या दिशेने वारा घेतलेला आहे, व तिच्यामागील दोघी चरावयाच्या थांबलेल्या आहेत. गवताचा झुबका एकीच्या सोंडेत तसाच राहिला आहे. उजव्या कोपऱ्यात, कळपापासून चार पावलांवर, एक किशोरवयीन नर उभा आहे. त्याच्या कानशिलावर मदाचा काळा ओघळ अद्याप नाही, त्याला तेथून कोणी हाकललेले नाही, पण मधले अंतर पडावयास सुरुवात झालेली आहे. पुढील दोनचार वर्षांत त्याचे काय होणार ते या चार पावलांच्या मोकळ्या जागेत वाचता येते. रंगीत चित्रात त्या जागी हिरवे गवत दिसले असते.

असे चित्र पाहिल्यावर मला माझ्या मुलखाचा विचार टाळता येत नाही. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून आले की लागणारी मोलगी आज आमचूर आणि भगरीच्या बाजारासाठी ओळखली जाते. चैत्रवैशाखात अंगणाअंगणांत आंब्याच्या फोडी वाळत पडलेल्या असतात, आणि फाल्गुनात शेजारच्या काठीची राजवाडी होळी पाहण्यास लांबलांबून लोक येतात. उत्तरेस नर्मदा, पलीकडे गुजरात आणि मध्य प्रदेश. या डोंगरांत बिबट्या आहे, अस्वल आहे. हत्ती असण्याची कल्पनाही कोणाला शिवत नाही. आणि तरीही जुन्या संस्कृत परंपरेने ज्या आठ गजवनांची गणना केली त्यांत अपरांत हे एक वन आहे. अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘आईन-ए-अकबरी’त रानहत्ती मिळण्याची जी ठिकाणे नोंदवली त्यांत माळवा सुभ्यातील हंडिया व सातवास यांच्याबरोबर बिजागडचे नाव येते, आणि हे बिजागड म्हणजे आमच्याच सातपुड्याच्या रांगेत पूर्वेस, आजच्या खरगोण जिल्ह्यात. नर्मदेपलीकडे उत्तरेस दोहदच्या रानात जहांगीर बादशहाने १६१८ च्या सुमारास हत्ती धरवले व त्याची हकीकत आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली. त्या कळपांचे पुढे काय झाले याची कैफियत कोणी लिहिली नाही. किती होते, कोणत्या वाटेने उतरत, अखेरचा कळप कोणत्या नाल्याकाठी दिसला, हे कोणत्याही परगण्याच्या दफ्तरात दाखल झालेले नाही, कारण बादशहाच्या हिशेबात जमा धरला जाई तो पकडलेला हत्ती. रानात उरलेला कळप कोणाच्याच खात्यावर नव्हता. हत्ती गेला आणि शेपूट राहिले अशी आपल्याकडे म्हण आहे. आमच्या डोंगरात तेही राहिले नाही.

माझे म्हणणे एवढ्यासाठीच की जो कळप नोंदला जात नाही तो नाहीसा झाल्याचेही कोणास कळत नाही, आणि हानीची जाणीव नसलेला समाज तिची भरपाईही कधी मागत नाही. खान्देशच्या सीमेवर अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात, जेथे १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने खांबावर आपले नाव कोरून ठेवले त्याच लेण्यात, षड्दंत जातकाच्या भित्तिचित्रात हत्तींचा संपूर्ण कळप रंगवलेला आहे. ज्याने तो रंगवला त्याने रानातील कळप नीट निरखून पाहिलेला होता, याविषयी ते चित्र पाहणाऱ्यास शंका उरत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या अनामिक चित्रकारानंतर या टापूत कळपाची नोंद करण्यास फारसे कोणी पुढे आले नाही, हे आपल्या पाहण्यातील खंडाचे मोठे प्रमाण आहे. शास्त्र नव्हते म्हणावे तर तसेही नाही. पालकाप्य मुनींच्या नावावर असलेला ‘हस्त्यायुर्वेद’ हा अवाढव्य ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली छापून प्रसिद्ध केला. परंतु त्या शास्त्राची मांडणी मुख्यतः राजाच्या पदरच्या हत्तीसाठी होती.

हा खंड भरून काढण्याची संधी मात्र अनपेक्षितपणे महाराष्ट्राच्या दारी आली आहे. २००२ पासून कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरात येऊ लागले व तिलारीच्या खोऱ्यात वावरू लागले. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड आणि आजऱ्याच्या लोकांनाही टस्कर नवा राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडच्या बाजूने एक मोठा कळप गडचिरोली जिल्ह्यात शिरला. ज्या जिल्ह्यात कमलापूरच्या शासकीय कॅम्पातील माणसाळलेले हत्ती तेवढे लोकांना माहीत होते, तेथे रानहत्तींचे कुटुंबच्या कुटुंब भाताच्या शिवारात उभे राहिले. या आगमनाने केवळ हर्षित व्हावे असे मी म्हणणार नाही. नारळ, सुपारी, केळी ज्याची एका रात्रीत आडवी झाली, अथवा घरचे माणूस ज्याने गमावले, त्याला कळपाच्या कुटुंबवत्सलतेचे व्याख्यान ऐकवणे हे क्रूर होईल. २०१७ च्या गणनेत देशात सत्तावीस हजारांहून अधिक रानहत्ती मोजले गेले. अशा मोजदादीत महाराष्ट्राचा वाटा नगण्य असला तरी, ज्या गावाच्या हद्दीत ते शिरतात त्या गावास तो सर्वच्या सर्व सोसावा लागतो. तरीही मला असे वाटते की ज्या कळपातील प्रत्येक हत्तिणीचा कान, शेपटी व पाठीची ठेवण छायाचित्रावरून ओळखली गेली आहे, ज्याची कारभारीण कोण व पिल्ले किती हे गावाला आणि वनखात्याला माहीत आहे, त्या कळपाविषयी अफवा कमी उठतात आणि निर्णय अधिक शहाणपणाने होतात. आज मोबाइलवर या हत्तींची जी रंगीत चलच्चित्रे फिरतात त्यांत आरडाओरड, टॉर्चचे झोत आणि पळणारी शेपटी यांपलीकडे काही हाती लागत नाही. पाहणारे हजारो, पण दाखला एकही नाही.

कृष्णधवल पद्धतीचे दोष मी दृष्टीआड केलेले नाहीत. या चित्रांना आपोआप एक प्रकारचे जुनेपण चढते, आणि काल टिपलेला कळपही शंभर वर्षांपूर्वी नष्ट झाल्यासारखा वाटू लागतो; पाहणारा सुस्कारा टाकतो व आपली जबाबदारी संपली असे समजतो. दुसरा दोष दिवाणखान्याचा. आकाश मुद्दाम काळेभोर करून, धुळीचा लोट चंदेरी करून हत्तीस स्मारकाचे रूप दिले की चित्र भिंतीवर शोभते खरे, पण स्मारकाला भूक नसते, त्याला पाणी लागत नाही, आणि त्याच्या वाटेवर रस्ता बांधला तरी ते तक्रार करीत नाही. या दोन्ही दोषांवर माझ्या समजुतीने एकच उतारा आहे, आणि तो म्हणजे चित्राखालची ओळ. कोठे, कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या प्रहरी, किती हत्ती, त्यांत माद्या किती, पिल्ले किती, आणि चित्र टिपल्यानंतर कळप कोणीकडे गेला, इतका तपशील असेल तर कितीही देखणे चित्र दस्तऐवज होते. तो नसेल तर उत्तमातील उत्तम चित्रही शोभेची वस्तू होऊन बसते.

संग्राहक मित्रांशी माझा जो दीर्घ वाद झाला तो याच मुद्द्यावर. त्यांचे मत असे की चित्र स्वतः बोलते, त्याखाली मजकुराची भाऊगर्दी नको. माझे मत असे की कळप बोलतो, पण तो कोणाचा कोण हे सांगणारा साक्षीदार लागतो. अखेर त्यांनी माझे म्हणणे मान्य केले आणि प्रत्येक चित्राची तपशीलवार नोंद त्याच पानावर छापली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. वाचकांस माझी विनंती एवढीच की त्यांनी प्रथम नोंद झाकून चित्र पाहावे, हत्ती मोजावेत, कारभारीण कोणती ते ठरवावे, आणि मगच नोंद वाचून आपला हिशेब ताडून पाहावा. चारदोन चित्रांत तो चुकेल. पुढे चुकेनासा होईल. गडचिरोलीच्या किंवा दोडामार्गच्या शिवारालगत राहणाऱ्या एखाद्या तरुणाने हा संग्रह मिटल्यावर आपल्या हद्दीतील कळपाची अशी एक वही घातली, तर या पुस्तकाचा खर्च वसूल झाला असे मी समजेन.

मोलगी, तालुका अक्कलकुवा, जिल्हा नंदुरबार